पुनरुक्तिदोष

२०११ सालच्या उन्हाळ्यात मी एका हस्तलिखिताचे संपादन केले. ते छापले गेले नाही, छापण्यासाठी ते लिहिलेही गेले नव्हते, आणि त्यामुळे त्या संपादनाबद्दल कोणी मला कधी जाब विचारलेला नाही. तरीही गेली काही वर्षे कथनमीमांसेवर वर्गात बोलताना ते हस्तलिखित मध्येच आठवते आणि वाक्य अडखळते. एखाद्या चिकित्सक नियतकालिकात असे खाजगी काही लिहावे की नाही, याचा मी बराच काळ विचार करीत होते. परंतु जी चूक माझ्याकडून झाली ती चुलत्याच्या पुतणीकडून झाली नाही, ती समीक्षकाकडून झाली. म्हणून तिचा पंचनामा इथेच व्हावा असे वाटते.

माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळी भावंडे तात्या म्हणत असू, सातारा जिल्ह्यातले. पायदळात बावीस वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि भारतीय शांतिसेना त्या बेटावर उतरली. तात्यांची पलटण तिच्यात होती. त्या मे महिन्यात मी गावी गेले असताना त्यांनी एक दोनशे पानी वही माझ्यासमोर ठेवली. ‘‘तू मराठीची डॉक्टर न्हवं? जरा शुद्धलेखन बघ,’’ एवढेच म्हणाले. मराठी आत्मकथनांतील निवेदक हा माझ्या प्रबंधाचा विषय होता आणि पदवी मिळून दोनच वर्षे झाली होती. शुद्धलेखनावर मी थांबणे शक्यच नव्हते.

वहीत भरती होती, बेळगावचे प्रशिक्षण होते, लग्न होते, लडाखची थंडी होती, पेन्शनची कागदपत्रेही होती. आणि चार वेगवेगळ्या ठिकाणी एकच प्रसंग होता. जाफना द्वीपकल्पातील एक वाडी, नोव्हेंबरची पहाट, संचारबंदी, ताडांच्या रांगेपलीकडे विहीर, आणि विहिरीकडे सायकल ढकलीत येणारा एक म्हातारा. तात्या हा प्रसंग तोंडीही सांगत, परंतु फक्त सायकल दिसेपर्यंत. पुढे ‘‘मग काय, लढाई म्हटल्यावर...’’ असे म्हणून उठत. घरात या सांगण्याला नाव पडले होते: तात्यांची कॅसेट लागली. आम्ही मुले त्यांच्या मागे बसून ओठांनी पुढची वाक्ये म्हणत असू. वहीत मात्र प्रसंग सायकलीपाशी थांबत नव्हता. चारही ठिकाणी म्हातारा मरत होता.

मी तीन ठिकाणचा मजकूर लाल पेन्सिलीने काटला आणि समासात प्रत्येक वेळी एकच शब्द लिहिला: ‘पुनरुक्ती’. चौथा आणि शेवटचा पाठ ठेवला. तो सर्वांत सुबक होता. वही परत दिली तेव्हा तात्यांनी पाने उलटून पाहिली आणि ‘‘बरं झालं’’ म्हणाले. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी तो प्रसंग माझ्यासमोर पुन्हा सांगितला नाही. २०१९ मध्ये ते गेले.

समासातला तो शब्द माझ्या लेखणीतून इतक्या सहज आला, याला अर्थातच परंपरा आहे. भामह आणि दंडी या दोघांच्याही दोषगणनेत ‘एकार्थ’ नावाचा दोष आहे: एकदा सांगितलेलेच पुन्हा सांगणे. आधुनिक मराठी समीक्षेने संस्कृत काव्यशास्त्रातले पुष्कळसे सोडून दिले, तरी हा दोष मात्र जपून ठेवला. मर्ढेकरांच्या लयतत्त्वानंतर आम्ही त्याला सौंदर्यशास्त्राचे कपडे घातले इतकेच. घाट, सेंद्रिय एकता, अपरिहार्यता वगैरे. दलित आत्मकथनांवर एकसुरीपणाचा आणि साचेबंदपणाचा आरोप ज्या तत्परतेने झाला, त्याच्या मुळाशीही हाच दोष नव्या नावाने वावरत होता असे मला आज वाटते. ज्यांच्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा गुदरली त्यांनी ती एकदाच सांगावी, अशी ही अपेक्षा. गंमत अशी की ज्या ग्रंथांतून हा दोष आला तेच त्याला अपवाद सांगतात. भय, शोक, मत्सर, हर्ष, विस्मय यांनी बोलणारा ग्रासलेला असेल तर पुनरुक्ती दोष ठरत नाही, असे भामह म्हणतो. दंडी ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात आणखी पुढे जातो. अनुकंपेसारख्या भावाचा अतिशय व्यक्त करायचा असेल तर पुनरुक्ती दोष तर नाहीच, उलट अलंकार होय, असे त्याचे मत. हे मी एम.ए.च्या वर्गात शिकवीत होते. वही हातात असताना ते आठवले नाही.

तात्यांच्या निधनानंतर वर्षभराने एका विद्यार्थ्याने युद्ध आणि कथनात्म साहित्य असा काहीसा विषय संशोधनासाठी आणला, आणि त्याच्या निमित्ताने मी सैनिकांच्या आघातोत्तर तणावविकृतीवरील, म्हणजे ज्याला पीटीएसडी म्हणतात त्यावरील, संशोधन वाचू लागले. मानसशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु वाचताना लक्षात आले की या विकृतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी ऐकण्याचा आणि न ऐकण्याचा इतिहास आहे, आणि म्हणून तो आपल्या प्रांताला लागून आहे.

पहिल्या महायुद्धातला ‘शेल शॉक’, एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात सिगफ्रिड ससूनवर उपचार करणारे डॉ. रिव्हर्स, युद्धपीडितांच्या त्याच त्या स्वप्नांनी कोड्यात पडून १९२० मध्ये सुखतत्त्वाच्या पलीकडे पाहू लागलेला फ्रॉइड, हा भाग वाचकांना परिचित आहे. तो इथे पुन्हा सांगत नाही. मला थांबावेसे वाटते ते बॉस्टनमध्ये, सप्टेंबर १९६९ मध्ये. सारा हेली नावाची एक तरुण समाजकार्यकर्ती माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात नुकतीच रुजू झाली होती. कामाच्या पहिल्याच दिवशी तिच्यासमोर व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक आला. माय लाय नावाच्या गावात आपल्या तुकडीने बायकामुले मारली, आपण स्वतः गोळी झाडली नाही, आणि आपण बोलू म्हणून सोबती आपल्याला मारायला येतील, असे तो सांगत होता. तिने ते टिपून घेतले. त्यानंतरच्या बैठकीत वरिष्ठांनी निदान केले: संशयग्रस्त स्किझोफ्रेनिया. हा माणूस सांगतो ते खरे असू शकते, असे हेली म्हणाली तेव्हा तिलाच समजुतीने घेण्यात आले. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, १६ मार्च १९६८ च्या माय लाय हत्याकांडाची बातमी वृत्तपत्रांत फुटली.

त्या वरिष्ठांना दुष्ट समजण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर निदानाची जी पुस्तिका होती तिच्यात त्या सैनिकासाठी जागाच नव्हती. १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला एक नोंद होती; १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, युद्ध ऐन भरात असताना, ती गाळली गेली. म्हणजे त्या पुस्तिकेचेही कोणीतरी संपादन केले होते. हेलीने १९७४ मध्ये एक निबंध लिहिला. रुग्ण जेव्हा आपण केलेल्या अत्याचारांबद्दल बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याचे काय होते, हा त्याचा विषय. ऐकणाऱ्याची पहिली प्रेरणा ऐकणे थांबवण्याची असते, हे तिने रुग्णाकडे बोट न दाखवता स्वतःच्या व्यवसायबंधूंकडे बोट दाखवून सांगितले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ १९७० च्या अखेरीपासून न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिकांच्या चर्चागटांत बसत होते. या सर्वांच्या खटपटीतून १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर तणावविकृती हे नाव दाखल झाले.

नाव मिळाल्यावर मोजमाप आले. अमेरिकी काँग्रेसच्या आदेशाने झालेल्या आणि १९८८ मध्ये अहवाल सादर केलेल्या राष्ट्रीय पाहणीने व्हिएतनाममध्ये लढलेल्या पुरुषांपैकी ३०.९ टक्क्यांना ही विकृती आयुष्यात कधी ना कधी झाल्याचे आणि १५.२ टक्क्यांना पाहणीच्या वेळीही ती असल्याचे सांगितले. २००६ मध्ये डोरेनवेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सामग्रीची लष्करी नोंदींशी ताडून फेरतपासणी केली, तेव्हा हे आकडे अनुक्रमे १८.७ आणि ९.१ वर आले. आकडे उतरले म्हणून काहींना आनंद झाला. मला महत्त्वाचे वाटले ते हे की नोंदी तपासल्यावर सैनिक सरसकट बढाया मारीत होते असे निघाले नाही, आणि जितका युद्धाचा संपर्क अधिक तितकी विकृती अधिक, हा संबंध कायम राहिला.

आपल्या क्षेत्रात मात्र या संशोधनाचे जे आगमन झाले ते वेगळ्या दाराने. कॅथी कॅरुथ यांचे १९९६ चे पुस्तक आणि त्यातून वाढलेली आघातमीमांसा मी अनेक वर्षे शिकवली आहे. आघात घडतो तेव्हा तो अनुभवलाच जात नाही, म्हणून तो मालकी नसलेला अनुभव असतो, तो कथनाच्या बाहेर राहतो आणि फक्त पुनरावृत्तीतून स्वतःला जाणवून देतो, असा तिचा साधारण आशय. विद्यार्थ्यांना हे फार आवडते. मलाही आवडत असे. मौन, फट, अकथनीय हे शब्द फळ्यावर लिहिले की वर्गात एक प्रकारचे गांभीर्य पसरते. रूथ लीज यांनी २००० मध्ये या मीमांसेची कठोर चिकित्सा केली, आणि २००३ मध्ये रिचर्ड मॅकनॅली या मानसशास्त्रज्ञाने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असे म्हटले की आघातग्रस्तांना आघात आठवत नाही हे खरे नाही. त्यांना तो नको इतका आठवतो. वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु ‘अकथनीय’ या कल्पनेत ऐकणाऱ्याची एक मोठी सोय आहे, हे मला या वाचनात प्रथम जाणवले. अनुभवच भाषेच्या पलीकडचा ठरला की ऐकायला कोण बसले होते, हा प्रश्न विचारावा लागत नाही. तात्या अकथनीय असे काही बाळगून नव्हते. ते कथन करीत होते. आम्ही त्याला कॅसेट म्हणत होतो.

बॉस्टनच्याच माजी सैनिकांच्या बाह्यरुग्ण दवाखान्यात पुढे जोनाथन शे हे मनोविकारतज्ज्ञ काम करीत. १९९४ साली त्यांनी व्हिएतनाममधल्या अकिलीसवर पुस्तक लिहिले. रुग्णांच्या कहाण्या आणि ‘इलियड’ त्यांनी शेजारी ठेवून वाचले. आधी वरिष्ठाकडून विश्वासघात, जे रीतसर आणि न्याय्य त्याचा भंग. मग जिवलग सोबत्याचा मृत्यू. शोक करायला सवड नाही. आणि त्यानंतर बेभान संहार, ज्यातून परत आलेला माणूस पूर्वीचा राहत नाही. अकिलीसची ही वाट त्यांना आपल्या रुग्णांच्या बोलण्यात दिसली. पुढे नैतिक जखम या नावाने जी कल्पना रूढ झाली तिचे एक मूळ इथे आहे. हे वाचताना मराठी वाचकाला अश्वत्थामा आठवल्याशिवाय राहणार नाही. बापाला अर्धसत्याने शस्त्र खाली ठेवायला लावून मारले, दुर्योधन मांडी फुटून पडला आहे, आणि रात्री हा झोपलेल्यांच्या शिबिरात शिरतो. शे यांना सौप्तिकपर्व ठाऊक असते तर त्यांनी आपला ग्रंथ कुठून सुरू केला असता कोण जाणे. आपल्याकडे लोकांनी त्या कथेला एक पुरवणी जोडली आहे: कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तो अजून दारोदार तेल मागत हिंडतो. लहानपणी मला ही गोष्ट भीतीची वाटे. आता तिच्यातले दार मला अधिक लक्षवेधी वाटते.

शे यांचा आग्रह असा की आघाताचे कथन बरे करणारे ठरते ते ऐकणारे विश्वासार्ह असतील, न मोडता ऐकू शकतील, आणि ऐकलेले पुढे इतरांपर्यंत नेतील तरच. याच काळात एड्ना फोआ यांनी विकसित केलेली एक उपचारपद्धती रूढ झाली. २००७ साली माजी सैनिक आणि सेवेतील स्त्रियांवर तिची मोठी चाचणीही झाली. तिच्यात रुग्ण डोळे मिटून आघाताचा प्रसंग वर्तमानकाळात सांगतो. संपला की पुन्हा आरंभापासून. सांगणे ध्वनिमुद्रित होते आणि ते घरी रोज ऐकायचे असते. म्हणजे अक्षरशः कॅसेट. ज्याला मी दोष म्हटले ते लक्षण होते हे मला कळले होते. तेच औषधही आहे हे वाचून मी पुस्तक मिटवून ठेवले. औषध रामबाण नव्हे, हेही सांगायला हवे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार लष्करी रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांचे निदान या आणि अशाच दुसऱ्या एका उपचारानंतरही कायम राहते.

यानंतर मी गावी जाऊन वही पुन्हा मागितली. चार पाठ आता पाठचिकित्सेच्या रीतीने शेजारी ठेवले. जे मला २०११ मध्ये एकच वाटले होते ते एक नव्हते. पहिल्या पाठात वाक्य आहे: ‘आमच्याकडून फायर झाला.’ दुसऱ्यात: ‘गोळी सुटली.’ तिसऱ्यात: ‘मी गोळी झाडली. तो खाली बसला.’ आणि चौथ्यात, मी राखलेल्या सुबक पाठात: ‘आम्ही फायर केला.’ मराठीचा भूतकाळ तसाही झाडणाऱ्याला पाठीशी घालतो. ‘झाडली’ हे क्रियापद गोळीचे लिंगवचन पाळते, माणसाचे नाही. कर्ता गाळला तरी वाक्य मोडत नाही. म्हणून ‘मी’ हा शब्द तिथे यायचा तर तो लिहावा लागतो. तात्यांनी तो दोनशे पानांत त्या प्रसंगी एकदा लिहिला, आणि निवेदकावर प्रबंध लिहिलेल्या पुतणीने त्यावर लाल रेघ मारली. त्याच पाठात आणखी एक तपशील आहे जो इतर तिन्हींत नाही: सायकलीच्या हँडलला डबा अडकवलेला होता, त्यात काय आहे ते दिसत नव्हते, आणि जवळ जाऊन पाहिले तेव्हा तो रिकामा निघाला.

इथे मोह आवरायला हवा. पुनरावृत्तीतून लेखक हळूहळू सत्याकडे सरकतो, असा सिद्धान्त मांडायला हे चार पाठ उपयोगी पडणार नाहीत. तिसऱ्यात ‘मी’ आला आणि चौथ्यात पुन्हा ‘आम्ही’त परतला. चौथा पाठ सुबक का, याचेही उत्तर कदाचित त्यातच आहे. पहाटेचे वर्णन तिथे वाढलेले आहे, ताड अधिक उंच झालेले आहेत, वाक्ये बांधीव आहेत. आपण ज्याला घाट म्हणतो तो तिथे एका माणसाला झाकण्याचे काम करीत होता, आणि मी त्या झाकण्याला उत्तम गुण दिले.

तात्यांना ही विकृती होती काय, हे मी सांगू शकत नाही. तो अधिकार मला नाही आणि त्यांना कोणी तपासले नव्हते. मार्च १९९० मध्ये शांतिसेनेचे शेवटचे जवान परतले तेव्हा स्वागतावरून जे राजकारण झाले ते प्रसिद्ध आहे. सुमारे बाराशे सैनिक गमावलेल्या त्या मोहिमेबद्दल पुढे देशाला फारसे बोलावेसे वाटले नाही. व्हिएतनामशी तिची तुलना वारंवार केली जाते आणि ती अनेक बाबतींत लंगडी आहे. पण परतलेल्या माणसाला आपले सांगणे कोणत्या खात्यात जमा करायचे ते कळू नये, एवढ्यापुरती ती मला पटते.

गेल्या दिवाळीत मी काकींना चारही पाठ वाचून दाखवले. मनात भीती होती, आणि खरे सांगायचे तर थोडी प्रौढीही; इतक्या वर्षांनी कोणीतरी ते नीट वाचले आहे अशी. त्या निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला न ठेवता ऐकत होत्या. तिसरा पाठ संपला तशा म्हणाल्या, ‘‘ह्ये ठावं हाय मला.’’

मी विचारले, कधी सांगितले त्यांनी?

‘‘कधी म्हंजे? झोपंत बोलायचे, मग जागं हून बोलायचे. तीस वर्सं.’’

अमेरिकेतल्या त्या राष्ट्रीय पाहणीने शेकडो सैनिकांच्या पत्नींनाही स्वतंत्रपणे बोलते केले होते, हे मी वाचले होते. आमच्या घरात ऐकणारे कोणी नव्हते, असे समजून मी एवढा वेळ युक्तिवाद करीत आले, आणि तो समज वहीच्या शेजारी तांदूळ निवडीत बसला होता. मी वही मिटणार तोच काकी म्हणाल्या, ‘‘पर डबा लिवलाय त्ये चुकीचं हाय. डबा न्हवं गं, कळशी हुती. पितळंची. नव्वद साली परत आलं तवा घरातली कळशी मोडीत घातली ह्यांनी. माझ्या म्हायेरची हुती.’’

हे कोणत्याच पाठात नाही. वहीच्या शेवटच्या पानावर, तारीख घालून, मी ते पेन्सिलीने उतरून घेतले.